पेल्यामागचा माणूस

चित्रात तीन माणसं चहा पीत बसली आहेत आणि खालची ओळ सांगते की दोघंच बसली होती, तर तुम्ही खरं कोणाचं धराल, चित्राचं की ओळीचं?

मी हा प्रश्न लहानपणी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारला तेव्हा त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "ओळीचं," ते म्हणाले. "चित्रकार चुकू शकतो." आप्पा दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते, युनियनचे होते, आणि छापलेल्या ओळीवर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा आमच्या नातेवाइकांचा खंडोबावरही नसेल. आमच्या घरात पत्रकं गठ्ठ्यांनी यायची. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी मला 'बंधू-भगिनींनो' वाचता यायला लागलं. गृहपाठही पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. एका बाजूला पाढे, दुसऱ्या बाजूला जाहीर निषेध.

ते चित्र ज्या पुस्तकात होतं ते दौंडला पुस्तकांची गाडी यायची तिच्यातून आलं होतं. रशियात छापलेली मराठी पुस्तकं. जाड गुळगुळीत कागद, आणि पान उघडलं की एक वेगळाच, रॉकेल आणि नवं कापड यांच्या मधला वास. लेखक रशियन, त्या काळी तिकडं घरोघरी माहीत असलेला. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव लिहिलं की काही वाचक लगेच त्याच्या बाजूनं उभे राहतात, काही विरुद्ध, आणि मला सांगायचंय ते मधल्यामध्ये राहून जातं.

आप्पा त्याचं चरित्र एखाद्या संताचं सांगावं तसं सांगायचे. तो पॉइंट्समनचा, म्हणजे रुळांचे सांधे बदलणाऱ्याचा, मुलगा. जन्म एका जंक्शनवरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. बाप रुळांवर गेला, आई आजारात. पोर आजीकडं वाढलं. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलं आणि तिथंच लिहायला शिकलं. मग पहिलं पुस्तक आलं. जंक्शनवरचा एक मुलगा, त्याची आजी आणि गाडीखाली पाय मोडलेला एक हंस. देशभरच्या शाळांत ते वाचलं गेलं. लढाईच्या वर्षांत तो रेडिओवरून मुलांना गोष्टी सांगायचा, आणि आपापल्या घरांपासून तुटलेली मुलं त्याच्या आवाजाची वाट बघत बसायची. "आपल्या दौंडसारखंच जंक्शन," आप्पा म्हणायचे. "तिथंपण इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायला लागायचं." हे वाक्य पुस्तकात नव्हतं. ते आप्पांनी प्रेमानं घातलेलं होतं.

चित्र असं होतं. स्वयंपाकघरात लाकडी टेबल, त्यावर सामोवार, म्हणजे चहाचं तोटीवालं मोठं भांडं, त्यातून वाफ निघतेय. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला आजी, बाकाखाली हंस. आणि कोपऱ्यात, सामोवाराच्या मागं, चष्मा लावलेला एक माणूस. हातात कडीचा पेला, तोंडापर्यंत नेलेला. मुलगा आजीकडं बघतोय, आजी मुलाकडं, हंस जमिनीकडं. तो माणूस आपल्याकडं बघतोय. खाली ओळ: 'मग दोघं चहाला बसली.'

मी पुस्तक पुन्हा पुन्हा पहिल्यापासून वाचलं. हा माणूस कुठंच नव्हता. घरात शिरत नव्हता, निघून जात नव्हता, त्याला कोणी हाक मारत नव्हतं. ज्या माणसाबद्दल एक शब्द नाही तो बसून चहा पितोय, हे मला सहन व्हायचं नाही. थंडीत दौंडच्या प्लॅटफॉर्मवर मफलर गुंडाळून, दोन्ही हातांत चहा धरून बसलेला कोणीही एकटा माणूस दिसला की मी आईचा पदर धरायचे. मला भीती वाटायची की त्याच्याजवळ जाऊन बोललं तर त्याला उत्तर देता येणार नाही. त्याला कोणी वाक्यच दिलेलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला तो देश मोडला. पुस्तकांची गाडी यायची बंद झाली. शेडमधले लोक आप्पांना म्हणायचे, "कॉम्रेड, मेन ऑफिसच बंद पडलं की तुमचं. आता ब्रँचचं काय?" आप्पा हसायचे, आणि घरी येऊन रशियन पुस्तकांना नवी कव्हरं घालायचे. थोड्या दिवसांनी त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली आणि आम्ही शिरूरला आलो. नगर रस्त्याच्या बाजूनं कारखाने उभे राहत होते, कंत्राटी कामगार येत होते, आणि आप्पांच्या मते पत्रकांची खरी गरज आता तिथं होती.

शिरूरला त्यांनी रविवारचं वाचन सुरू केलं. आमच्या पुढच्या खोलीत पोरं जमायची. भाजीपाला आणि झेंडू करणाऱ्यांची, कारखान्यात आलेल्या बिहारी कुटुंबांची. आप्पा हंसाची गोष्ट वाचायचे आणि पुस्तक फिरवून चित्र दाखवायचे. पहिल्याच रविवारी एका पोरीनं बोट ठेवलं.

"ह्यो कोन?"

"कोणी नाही. चित्रकाराची चूक."

"चुकून आख्खा मानूस कसा काढतील, काका?"

तिच्या शेजारचा बिहारचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मर गया होगा. इसीलिए नाम नहीं लेते."

झालं. पोरांनी त्याचं नाव 'पेलेवाला' ठेवलं. गल्लीत कोणी जेवायला कुरकुर केली की थोरली भावंडं म्हणायची, "राहू दे, पेलेवाला खाईल." लपाछपीत एक जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवायचे आणि तिथं लपणारा बाद. आप्पांना हे आवडायचं नाही. त्यांनी अख्खं आयुष्य भुताखेतांविरुद्ध पत्रकं वाटण्यात घालवलेलं, आणि आता त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच सर्वांत लाडक्या पुस्तकातून भूत निघालं होतं.

त्यात आईनं भर घातली.

आईचं माहेर दौंडकडच्या राहू गावचं. तिच्या आज्याच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती; पावसाळा संपला की कळप घेऊन माणसं कोकणाकडं उतरायची. नंतर पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. पण एक रीत राहिली. पितृपक्षात ज्याची तिथी माहीत आहे त्याला त्याच्या तिथीला जेवायला घालायचं. आणि मेंढरांमागं गेलेला जो परत आलाच नाही, जगला की मेला हेही कळलं नाही, त्याचं पान सर्वपित्री अमावस्येला वाढायचं. नाव घ्यायचं नाही. नुसतं पान ठेवायचं आणि मागं सरायचं. आप्पा हे मानायचे नाहीत आणि आई त्यांना मानायला सांगायची नाही. त्या दिवशी ते मुद्दाम युनियनच्या कामाला बाहेर पडायचे. त्यांच्या संसारातला हा तह होता.

त्या वर्षी आप्पा लवकर परतले. पत्र्यावर दोन पानं होती. खीर, वडे, गवारीची भाजी, कढी, सगळं दोन्हीकडं.

"हे दुसरं कोणाचं?" आप्पांनी विचारलं.

"त्या रशियावाल्याचं," आई म्हणाली. "पेलेवाल्याचं."

आप्पांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "अगं, तो चित्रातला माणूस हाय. शाई हाय ती. तो मेलाय हे तुला कुणी सांगितलं?"

"जित्ता असता तर गोष्टीत असता की," आई म्हणाली. "आन् मेल्याचं कळलं असतं तर तसं लिवलं असतं. दोन्ही न्हाई, म्हंजी तो आमच्या मेंढरांमागं गेलेल्या चुलत्यावानी. कवा गेला, कुठं गेला, कुणालाच ठावं न्हाई."

"तुझ्या अंधश्रद्धेला रशियापण पुरंना झाला."

"मंग तुम्ही सांगा की तो कोन हाय. सांगा, म्या पान उचलते."

आप्पांनी सांगितलं नाही. मी दारात उभी होते आणि मला त्यांचा चेहरा दिसत होता. तो माहीत नसलेल्या माणसाचा चेहरा नव्हता. त्यांना काहीतरी ऐकून माहीत होतं. पुण्यातल्या एखाद्या अभ्यासवर्गात, चहाच्या टपरीवर, कोणीतरी हळू आवाजात सांगितलेलं, आणि त्यांनी तिथंच गाडून टाकलेलं. ते आत गेले. आईनं पान उचललं नाही. कावळे आले, आधी त्याच पानावर बसले, आणि आई काही बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं असं आप्पांना वाटत असावं. तिच्या गप्प राहण्यानं ते जास्त पेटले.

त्याच हिवाळ्यात त्यांनी ठरवलं की हंसाची गोष्ट आपणच छापायची. बारकी पुस्तिका, शाळाशाळांत फुकट वाटायला. तिकडं लेखकाचं नाव पुसलं जातंय तर इकडं आपण जिवंत ठेवू, असं ते म्हणायचे. मला फार अभिमान वाटला. मी म्हटलं, "आप्पा, पुस्तिकेत तो माणूस कोण ते लिहा. नाहीतर मुलं विचारत राहतील."

"आता?" आप्पा म्हणाले. "सगळं जग आपल्या मढ्यावर नाचतंय, आन् मी त्यांच्या हातात काठी देऊ?"

शिरूरच्या पेठेत पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनचा एक छापखाना होता. मालकांना सगळे मामा म्हणायचे. लग्नपत्रिका, पावत्या, आप्पांची पत्रकं, सगळं तेच छापायचे. चित्रासाठी जस्ताचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, लागणार होता आणि तो पुण्याहून करून आणायचा होता. आप्पांनी पुस्तकातून ते पान ब्लेडनं कापून दिलं. ब्लॉक आला, मामांनी प्रूफ काढलं, तेव्हा मी तिथं होते. तीनही माणसं ओल्या शाईत चकचकत होती.

आप्पा म्हणाले, "मामा, हा कोपऱ्यातला काढून टाकता येईल?"

मामांनी चष्मा कपाळावर घेतला. "काढायचं म्हंजी ब्लॉक खरवडायचा. का बरं?"

"पोरं घाबरतात. भूत म्हणतात त्याला. घरात पानं वाढायला लागलेत."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला आजही छळतं. माणूस खोटं बोलला तर त्याला पकडता येतं. आप्पा खरंच बोलले, फक्त त्यातलं त्यांना परवडणारं तेवढं.

मामांनी ब्लॉक खिडकीपाशी नेला आणि पटाशीनं चष्मा, कपाळ, खांदा असं एकेक खरवडत गेले. जस्ताची चूर खाली पडत होती. मग ते थांबले.

"कॉम्रेड, माणूस निघाला. पेला न्हाई निघायचा. त्याच्या रेघा वाफंत गुतल्यात. पेला काढला तर सामोवार फुटतंय."

"मग राहू द्या पेला."

पुस्तिका छापून झाली. कव्हराच्या आत आप्पांनी लेखकाचं चरित्र लिहिलं होतं: पॉइंट्समनचा मुलगा, छापखान्यातला कामगार, मुलांचा मित्र. आतल्या चित्राखाली तीच ओळ, चित्रात मुलगा, आजी, हंस. आणि सामोवाराच्या मागं, पांढऱ्या जागेत, हवेत धरलेला एक पेला.

तुम्हाला कळलंच असेल पुढं काय झालं. आम्ही राहूला गेलो, खुटबावला गेलो, शिरूरच्या आसपासच्या वस्त्यांवरच्या शाळांत गेलो. आप्पा गोष्ट वाचायचे, पोरं पुस्तिकेत बघायची, आणि कोणीतरी विचारायचंच, "गुरुजी, ह्यो पेला कुनी धरलाय?" आधी एक अनोळखी माणूस होता. आता न दिसणारा माणूस होता, आणि तो चहा पीत होता. खुटबावच्या एका चिमुरडीनं पेल्यावर तळहात ठेवून अख्खी गोष्ट ऐकली. त्यानंतर आप्पांनी मोठ्यानं वाचणं कमी केलं. मग सोडलं. उरलेले गठ्ठे माळ्यावर गेले. रविवारी पोरं दार वाजवायची आणि आई सांगायची, "काका गावाला गेलेत." काका आत खाटेवर बसलेले असायचे.

मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा त्या पुस्तकाचं मराठी भाषांतर करणाऱ्या बाई तिथं राहतात असं कळलं. मॉस्कोत वर्षानुवर्षं राहून त्यांनी हे काम केलं होतं. मी आप्पांना बळंच घेऊन गेले. त्यांना यायचं नव्हतं, पण आले, आणि येताना पुस्तिका पिशवीत घालून आले. कौतुक व्हावं अशी थोडी आशा असणार.

बाईंनी आधी सगळं सांगितलं, न विचारता. लेखकाचे शेवटचे दिवस. देश मोडल्यावर त्याची पुस्तकं शाळांतून गेली. नव्या प्रकाशकांना हंस नको होता. रेडिओवरचा तो आवाज कोणाला आठवत नव्हता. घराजवळच्या बागेत बाकावर बसून असायचा आणि खेळणारी मुलं त्याच्याजवळून चेंडू उचलून न्यायची. गेला तेव्हा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चार ओळी आल्या.

मग मी विचारलं. चित्रातला तिसरा माणूस.

"तो त्याचा मास्तर," बाई म्हणाल्या. "पोरक्या पोराला अक्षरं त्यानं शिकवली. छापखान्यात त्यानंच लावलं. पहिल्या आवृत्तीत अर्धी गोष्ट त्याचीच आहे. मग एक दिवस सरकारच्या माणसांनी त्याला घरातून नेलं, आणि तो परत आला नाही. कुठं गेला, कधी गेला, कुणालाही कळवलं नाही. पुढच्या आवृत्तीत लेखकानं त्याला स्वतःच्या हातानं काढलं. नाही काढलं असतं तर पुस्तक गेलं असतं, कदाचित तोही. मी केलं ते त्या छाटलेल्या आवृत्तीचं भाषांतर."

"पण चित्र?"

"रशियन आवृत्तीत चित्र नवं काढून घेतलं होतं, दोघांचं. परदेशी भाषांसाठी कुठल्या तरी गोदामातून जुनी प्लेट निघाली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी एकदा त्याला भेटले होते. माझ्या हातात मराठी पुस्तक होतं. त्यानं ते पान उघडलं आणि बघत बसला. मग विचारलं, 'हे असंच छापलंय? पूर्ण?' मी हो म्हटलं. 'तुमच्याकडची मुलं बघतात?' म्हटलं, बघतात. तो म्हणाला, 'बरं झालं. कुठंतरी बसलाय.'"

आप्पा पिशवीची गाठ सोडत होते. ते थांबले. पुस्तिका बाहेर निघालीच नाही. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडं ते जुनं पुस्तक आहे का हो? माझी प्रत घरं बदलताना हरवली." आप्पा म्हणाले, "पुस्तक आहे. ते पान नाही."

एसटीनं शिक्रापूर सोडलं. आप्पा खिडकीकडं बघत म्हणाले, "तिकडं त्याला त्यानं शिकवलेल्या पोरानंच काढलं. जीव वाचवायला. मला कुणी धाक घातला होता?"

कापलेलं पान मिळवायला आम्ही मामांकडं गेलो. पुण्याच्या ब्लॉकवाल्याचं दुकान बंद झालं होतं, जिथं ते होतं तिथं झेरॉक्सचं मशीन बसलं होतं. पान परत आलंच नव्हतं. उरलेला ब्लॉक मामांनी शोधून दिला. त्यावर हात फिरवला की खरवडलेली जागा बोटाला खोलगट लागते.

मग आप्पांनी माळ्यावरचे गठ्ठे काढले. बॉलपेन घेतलं आणि एकेका पुस्तिकेत पेल्यामागं माणूस काढायला बसले. त्यांना चित्र येत नव्हतं. कुठं मास्तर जाडा झाला, कुठं त्याला आमच्याकडची टोपी आली, कुठं त्याचा चष्मा त्याच्या कानांना पुरला नाही. आई चहा ठेवून म्हणायची, "आज लई बारीक काढलाय, जेवायला घाला त्याला." आप्पा हसायचे नाहीत, पण रागवायचेही नाहीत. चित्राखाली ते हातानं लिहायचे: 'तिघं चहाला बसली. तिसरा मुलाचा मास्तर. त्याला नेलं आणि तो परत आला नाही. लेखकानं त्याला पुस्तकातून काढलं, मी चित्रातून काढलं.' प्रत्येक प्रतीवर. शब्द न बदलता.

ते गेले तेव्हा गठ्ठे पुष्कळ उरले होते. आता मी काढते. माझा माणूसही बरा येत नाही. आमच्या पक्षातले जुने लोक म्हणतात, हे कशाला उकरतेस. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, आम्हाला दे, आम्ही छापतो. मी दोघांनाही देत नाही. ज्याचा जन्म पत्रकांत गेला त्याच्या पोरीला एवढं कळतं की सोयीचं अर्धं सत्य दोन्हीकडच्या छापखान्यांत सारख्याच शाईनं छापतात.

पण वाटून झालेल्या प्रतींपर्यंत माझा हात पोचत नाही. त्या दौंड आणि शिरूरच्या शाळांच्या कपाटांत, कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या रद्दीत असतील. त्यांत पेला अजून तसाच हवेत आहे. म्हणून हे तुम्हाला सांगतेय. तुमच्याकडं जुनं रशियन पुस्तक असेल आणि त्यात कोपऱ्यात चष्मेवाला माणूस असेल, तर ते रद्दीत घालू नका. घरातल्या मुलांना दाखवा आणि तो कोण होता ते सांगा. आणि आमची पुस्तिका सापडली तर तुमच्या हाताशी जे पेन असेल ते घ्या आणि त्या पेल्यामागं माणूस काढा. वाकडा आला तरी चालेल. खालच्या ओळीतला 'दोघं' हा शब्द खोडा आणि तिथं 'तिघं' लिहा.